फादर, तुम्हालाही भीती वाटायची

फादर लुकास, तुमच्या शोकसभेत एका वक्त्यानं तुम्हाला निर्भय म्हटलं. हॉलमधल्या माना हलल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला उठून सांगावंसं वाटत होतं की अहो, हे गृहस्थ कुत्र्याला भ्यायचे. शाळेच्या फाटकात ते तांबडं कुत्रं आडवं पडलेलं असलं की वळसा घालून मागच्या दारानं आत यायचे. इंजेक्शनला भ्यायचे, विमानाला भ्यायचे, बिशपांचा फोन आला की घसा खाकरून उभे राहायचे. आणि रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना म्हणायला वेदीपुढं गेले की त्यांचे पाय कापायचे. झग्याखाली दिसत नसत, एवढंच.

हे तुम्हीच मला सांगितलं होतं. रविवारची मिस्सा आटोपून आपण मिसळ खायला गेलो होतो. तुम्ही पावाचा तुकडा रश्श्यात बुडवलात आणि सहज म्हणालात, "इतकी वर्षं झाली गो मंगल, अजून पाय कापतात. मला वाटायचं, वय झालं की जाईल."

वक्त्याचं भाषण संपलं. मी बसून राहिले. चारचौघांत उठून बोलायची मला भीती वाटते. ती तुम्ही गेल्यावर वाढलीय.

मी तुमच्याकडं पहिल्यांदा आले ती आईच्या पाठीमागं लपून. आम्ही कागलजवळच्या खेड्यातले. आईनं शाळेच्या हापिसात तुमच्यासमोर उभं राहून आधी सगळं स्पष्ट करून टाकलं. "फादर, पोरगी चांगली गाती. खरं, आमच्या आज्या-सासऱ्यांनी एकदा धर्म बदललाय, बुद्धाचा घेतलाय. आता आम्ही पुन्यांदा न्हाई बदलणार. तेवढं मी आधीच सांगून ठेवतो."

तुम्ही सावंतवाडीकडचे. आमच्याकडच्या बायका 'सांगते' न म्हणता 'सांगतो' म्हणतात याची तुम्हाला तोवर सवय नव्हती. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बाई, धर्म राहू दे. आधी हिचा सा जागेवर येऊ दे."

तो यायला फार दिवस लागले. शाळेमागच्या त्या खोलीत तुम्ही तंबोरा लावून बसायचा आणि मला नुसता सा लावायला सांगायचा. पेटीला हात लावू द्यायचा नाहीत. चर्चमध्ये पोरांकडून चार-चार आवाजांत स्तोत्रं बसवून घेणारा माणूस इथं येऊन भूपाचा एकच आलाप तासभर घोळवायचा, याचं मला नवल वाटायचं. पाद्री आणि हिंदुस्थानी गाणं, हे लोकांना जुळत नसे. तुम्हाला त्यात जुळवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

आंतरशालेय स्पर्धेत मी स्टेजवर गेले आणि माझा आवाज बसला. बसला म्हणजे बाहेरच येईना. समोर परीक्षक, शाळेची पोरं, आई. तुम्ही विंगेतून चालत आलात, तंबोरा धरलेल्या मुलीला उठवलंत आणि स्वतः तिथं बसलात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "मी पण घाबरलोय. तू लाव सा." मी लावला. नंबर आला नाही. पण त्या दिवसापासून मला कळलं की घाबरलेल्या माणसालाही गाता येतं. मग मी तुमच्याकडंच शिकले, त्याच शाळेत संगीत शिकवायला लागले आणि तुमच्या संशोधनात तुमच्याबरोबर हिंडायला लागले.

तुमच्या त्या संशोधनावर लोक मोठमोठे शब्द वापरतात. खरं तर ते एका चालीमागं लागणं होतं. आंबोलीच्या घाटाखाली तुमच्या घरात तुमची आई जात्यावर बसून सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या ओव्या गायची. पुढं इथं कोल्हापूरला आल्यावर गडहिंग्लजच्या बाजारात एका बाईला गुणगुणताना तुम्ही तीच चाल ऐकलीत. देव वेगळा, शब्द वेगळे, चाल तीच. मग तुम्ही नेसरीकडच्या गावागावांतून रेकॉर्डर घेऊन हिंडलात. चाल मुळात कुठली, यावरून आपण किती भांडलो. तुम्ही म्हणायचा, मीठ आणि सुकी मासळी घेऊन बैल घाट चढायचे, त्यांच्याबरोबर ती वर आली. मी म्हणायची, मिरची खाली जायची, तिच्याबरोबर ती खाली गेली. "मिरचीवाल्यांना गाणं कसलं सुचतंय, त्यांना नुसत्या शिंका," असं म्हणून तुम्ही विषय संपवायचा. तो संपलेला नाही, फादर.

आता त्या दिवसाचं सांगते. शोकसभेत ते कुणीच काढलं नाही. कुणाला माहीतच नाही.

नेसरीकडच्या एका गावात, ओव्या येणाऱ्या यल्लूआजींच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, आपण बसलो होतो. भर दुपार होती. रेकॉर्डर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला होता. आजी आधी लाजल्या, मग डोळे मिटून गायला लागल्या.

घाटाच्या खाली बाई, मिठाचं गं आगर
भावाच्या बैलापायी वाटंला गं नजर

'मीठ' शब्द आला आणि तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की जणू कोर्टात केस जिंकलात. तेवढ्यात गल्लीत मोटरसायकली थांबल्या. चार-पाच जण आत आले. चपला न काढता.

"काय चाललंय हितं? कोन पावणं?"

तुम्ही उभे राहिलात. "मी फादर लुकास. कोल्हापूरला शाळेत असतो. आजींच्या ओव्या टिपून घेतोय."

"ओव्या का आनि काय? मोबाईलवर आलंय सगळं. पाद्री गावोगाव फिरतोय, म्हाताऱ्या बायकांस्नी नादी लावतोय."

त्यांच्यात आजींचा नातूच होता, संभा. तिशीतला, जाड मिशीचा. तो तुमच्याशी बोललाच नाही. आजीला म्हणाला, "कुनी बोलावलं ह्यास्नी आपल्या घरात?"

"मी बोलावलंय," आजी म्हणाल्या. "माझ्या सोप्यात बसल्यात."

"तू आत जा."

"न्हाई जात."

संभानं रेकॉर्डरकडं बोट केलं. "त्ये पुसा. आमच्या देखत."

मी म्हणाले, "फादर, पुसू नका." तुम्ही म्हणालात, "मंगल, गप." तुमच्याकडून बटण दोनदा चुकलं. मग रेकॉर्डरमधला आजींचा आवाज गेला. एकानं रेकॉर्डर कानाला लावून खात्री करून घेतली. आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि आपल्याकडं नाही, नातवाकडं बघत होत्या.

गाव सोडून उसाच्या रानात आल्यावर तुम्ही गाडी थांबवलीत. तुम्हाला चालवता येईना. दार उघडून बांधावर बसलात आणि ओकलात. मी पाणी दिलं. मला संताप आला होता. आपण काय चोरी केली होती, असं मी विचारलं.

तुम्ही चूळ भरलीत. मग म्हणालात, "आपण निघून येणार. आजी तिथंच राहणार. राग तिच्यावर निघाला असता."

"म्हणजे आजींसाठी पुसलंत?"

"नाही गो," तुम्ही म्हणालात. "मला मार खायची भीती वाटली म्हणून पुसलं. आजीचं नंतर सुचलं."

फादर, हे तुम्ही का सांगितलंत? पहिलं उत्तर चांगलं होतं. मी ते धरून बसले असते. तुम्ही धर्मगुरू, माझे गुरू, आणि बांधावर बसून मला सांगता की मी भ्यालो. मी म्हणाले, "तुम्हीच भ्यालात तर आम्ही कुणाकडं बघायचं?" तुम्ही तोंड धुतलंत आणि गाडीत येऊन बसलात. आजही मला वाटतं की आपण तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. आणि त्या लोकांनी हात उचलला असता तर काय झालं असतं, हे आठवलं की अजून माझे तळवे ओले होतात. या दोन्ही गोष्टी मला एकदमच वाटतात.

त्यानंतर तुम्ही तिकडं गेला नाहीत. मी विषय काढला की म्हणायचा, ऊस तुटू दे. ऊस तुटला की म्हणायचा, ऊन उतरू दे. मला ही टाळाटाळ कळत होती आणि बरीही वाटत होती, कारण मलाही जायचं नव्हतं. रस्त्यावर मागून मोटरसायकल आली की मी बाजूला होऊन उभी राहायची. वर्गात मुलींना स्तोत्र शिकवताना दार उघडं ठेवायचं की लावायचं याचा विचार करायची. उघडं ठेवलं तर कुणी ऐकेल, लावलं तर कुणी म्हणेल, लावून काय शिकवता. शेवटी दार अर्धं ठेवायला लागले. तुम्ही ते पाहिलंत.

मग तुमच्या छातीचं दुखणं निघालं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात आले. तुमची बहीण जेवायला खाली गेली होती. तुम्ही पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून पडला होता. फादरसारखे नव्हे, लहान मुलासारखे.

"माका भय वाटता गो," तुम्ही म्हणालात. माझ्याशी तुम्ही मालवणी क्वचितच बोलायचा.

मी विचारलं, "प्रार्थना म्हणू या का? तुमची, तुम्ही सांगा."

"आठवत नाही. मघापासून बघतोय. निम्म्यावर जाऊन विसरतो." डोळ्यांत पाणी होतं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी बसून म्हटली."

तेव्हा मला तुमचा हात धरायचा होता. मी पांघरूण सारखं केलं. म्हणायचं होतं की उसाच्या रानात मी जे विचारलं त्याचं उत्तर मला मिळालंय, मी तुमच्याकडंच बघतेय, घाबरलेल्या तुमच्याकडं. हे शब्द तेव्हा जुळले नाहीत. आता जुळलेत, आता काय उपयोग. मी नुसतं म्हणाले, "उद्या येते." दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुम्ही काचेपलीकडं होता, आणि तिथून तुम्ही परत बोललाच नाहीत.

तुमच्या अंत्यविधीला गायला मला सांगितलं. चर्च भरलं होतं. माइकपुढं उभी राहिले आणि मागच्या दाराशी मला संभा दिसला. तीच मिशी. चपला हातात धरून, भिंतीला पाठ लावून उभा. माझ्या मनात पहिलं हेच आलं की हे लोक इथंही आले. मी त्याच्या मागं आणखी कोण आहे ते बघत राहिले. पेटीवर सुरुवातीची ओळ दोनदा वाजून गेली. गाणं कसं पार पडलं मला सांगता येणार नाही. डोळे मी एकदाही मिटले नाहीत, दारावर ठेवले.

तुम्हाला माती देऊन लोक पांगले, तर तो फाटकाशी थांबलेला. मी शाळेच्या शिपायाला जवळ बोलावून घेतलं आणि मगच पुढं गेले.

"ताई, वळखलासा का?"

"ओळखलं."

"फादर गेल्याचं मोबाईलवर बघितलं." तो चपलांकडं बघत होता. "आज्जी पन गेली. श्रावणात."

मी शिपायाला जरा मागं थांबायला खुणावलं.

"तिचा आवाज आसंल का तुमच्याकडं?" तो म्हणाला.

"तुम्हीच पुसायला लावलात."

"व्हय. ठावं हाय. खरं, म्हटलं, आदी एकांद्या डावाला आला आसशीला. त्ये आसंल."

"त्या दिवशीच पहिल्यांदा आलो होतो."

तो पायरीवर बसला. मोठा माणूस, असा एकदम खाली बसला की शिपाई पुढं सरकला. "माझी ल्हान पोरगी झोपंना झालीया," तो म्हणाला. "आज्जी तिला त्येच म्हनून निजवायची. आमच्या घरात कुनालाच येत न्हाई. बायकूला न्हाई, आईला न्हाई."

माझ्या मनात आलं, बरं झालं. अगदी असंच आलं, फादर. आणि लगेच त्या पोरीचं वाईट वाटलं.

"आज्जीची धाकटी भण हाय, गंगूआज्जी," तो म्हणाला. "पलीकडच्या वाडीला. तिला येतंय सगळं. खरं, तिचं बी आता किती दिस, सांगता येत न्हाई. तुम्ही येशीला का? मशीन घिऊन?"

घरी येऊन आईला सांगितलं. आई आता थकली आहे, पण आवाज तसाच आहे. म्हणाली, "त्यानंच पुसाय लावलं न्हवं? आनि त्योच बोलावतोय? जाऊ नको. तुला कोन हाय तितं?" मी म्हणाले, खरंय. आणि दोन दिवस हो-नाही करत राहिले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, थंडी पडू दे. मी ते म्हणायला तोंड उघडलं आणि वाटलं, यल्लूआजी थांबल्या का थंडी पडेपर्यंत?

गेल्या रविवारी गेले. गडहिंग्लज स्टँडवर तो मोटरसायकल घेऊन उभा होता. मी मागं बसले, पिशवी छातीशी धरून. दोन्ही बाजूला ऊस, माणसाच्या वर गेलेला. रस्ता मुख्य वाट सोडून आत वळला तेव्हा मी विचारलं, "इकडून कुठं?"

"हिकडनं लांब पडतंय. खरं, गावातनं नको."

"का?"

त्यानं गाडी हळू केली. "त्या दिवशीच्या पोरांस्नी म्हायती न्हाई, मी तुमास्नी आणलंय."

"कळलं तर?"

"बघू," तो म्हणाला. त्याच्या मानेवर घाम होता, आणि सकाळची हवा तर गार होती. तेव्हा मला कळलं की तोही भ्यालाय. त्यानं मला धीर आला असं नाही. उलट वाटलं, आता आम्ही दोघंही भित्रे, आणि तंबोरा धरायला कुणी नाही.

गंगूआजी ठार बहिऱ्या नाहीत, पण कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. तोंडात दात नाही. संभानं त्यांना ओरडून सांगितलं की कोल्हापूरच्या बाई आल्यात, थोरल्या आज्जीचं गाणं टिपायला. त्यांनी रेकॉर्डर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि खाली ठेवला.

"ह्यात माझा आवाज जानार?"

"होय आजी."

"मग माझ्याकडं ऱ्हाईल का?"

त्या खरंच घाबरल्या होत्या. बहीण गेली आणि तिचं गाणं गेलं, हे त्यांनी नुकतंच बघितलं होतं. संभा त्यांच्या कानाशी वाकला. "ऱ्हाईल की आज्जी. तुझ्याकडं बी ऱ्हाईल." मग तो जाऊन उंबऱ्यावर बसला, तोंड बाहेर करून.

आजी गायल्या. मिठाची ओवी त्यांना येत होती, आणि तिच्या पुढं आणखीही होत्या, ज्या यल्लूआजींना त्या दिवशी म्हणताच आल्या नाहीत. आवाज फाटका होता, चाल अख्खी होती. मी मांडीवर हात दाबून धरला होता. आणि मध्येच गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल ऐकू आली.

संभा उठला. दाराची कडी त्यानं हातात धरली, लावली नाही. मी त्याच्याकडं बघत होते, तो गल्लीकडं. गाडी जवळ आली, घरासमोर हळू झाली. माझा हात आपोआप रेकॉर्डरकडं गेला. बंद करून पिशवीत टाकला असता तर कुणाला काही दिसलं नसतं. आजींना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्या डोळे मिटून गातच होत्या.

मी हात मागं घेतला.

गाडी पुढं गेली. कॅन खडखडले, म्हणजे दूधवाला असावा. संभा पुन्हा बसला, पण बराच वेळ त्यानं कडी सोडली नाही.

ते गाणं मी त्याच्या मोबाईलवर घालून दिलं. त्याची पोरगी झोपते की नाही, अजून कळलेलं नाही. माझ्याकडं मूळ आहे. ज्या तरुणाकडं आपण रेकॉर्डिंगं साफ करायला द्यायचो, त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, मधी गाडीचा आवाज आलाय, त्यो काढून टाकतो की." मी म्हणाले, थांब. ती गाडी राहू दे असं मला वाटतं, कारण ती जात असताना म्हातारी गात होती. पण तुम्हाला रेकॉर्डिंगमध्ये एवढीशी खरखर खपत नसे. तुम्ही म्हणाला असतात, काढ गो, पुढच्या माणसाला गाणं ऐकू दे, आपली भीती कशाला ऐकवायची. मग मी चिडले असते. तुम्ही मिसळीचं नाव काढून विषय बदलला असतात.

तो तरुण रोज फोन करून विचारतोय, काय करू. मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही.